कॅन गुपचूप उघडणारी टोपी: बनवताना आणि वापरताना आलेला माझा अनुभव

कोला किंवा बिअरच्या कॅनचा टॅब ओढला की कानाला एकच आवाज आल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात अर्ध्याएक सेकंदात तीन आवाज एकामागोमाग येतात. आधी टॅब वाकतानाची टिक, मग गॅसचा फुस्स, आणि शेवटी पत्रा फाटून आत वळतानाचा टक्. प्रत्येकाचं कारण वेगळं, म्हणून उपायही वेगळा. हे न कळल्यामुळे माझा पहिला नमुना वाया गेला. मी अख्ख्या कॅनला फोमचं जाड जॅकेट घातलं होतं, आणि आवाजात म्हणावा तसा फरकच पडला नाही. कारण सोपं आहे. आवाज झाकणातून निघतो, आणि मी झाकण सोडून बाकी सगळं झाकून बसलो होतो.

तपासायचं असेल तर फोन टेबलावर तीस सेंटीमीटरवर ठेवा, आवाज रेकॉर्ड करा आणि ऑडॅसिटीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये लाट मोठी करून पाहा. तिन्ही उंचवटे वेगळे दिसतात. डेसिबल दाखवणाऱ्या फोनवरच्या अ‍ॅपवर विसंबू नका. इतक्या क्षणिक आवाजाला ती उशिरा जागी होतात.

आता झाकणाबद्दल. टॅब ज्या रिव्हेटने बसवलेला असतो तो वेगळा नसतो, झाकणाच्याच पत्र्यातून उचलून ठोकलेला असतो. तोंडाच्या कडेने पत्र्यावर खाच पाडलेली असते, तिथे पत्रा अगदी पातळ उरतो. टॅब उचलायला लागलो की सुरुवातीला तो अडकित्त्यासारखा काम करतो: नाक पत्र्यावर टेकलेलं, मधे रिव्हेट, टोकाला आपलं बोट. त्यामुळे आधी रिव्हेट वर उचलला जातो आणि त्याच्याजवळची खाच जरा फाटते. तिथून गॅस सुटतो. दाब उतरला की काम पालटतं. आता रिव्हेट टेकू बनतो आणि टॅबचं नाक पहारीच्या टोकासारखं तोंडाचा पत्रा खाली ढकलतं. टॅब कॅनलाच राहण्याची ही पद्धत अमेरिकेत रेनॉल्ड्स मेटल्सच्या डॅनियल कडझिक यांनी काढली आणि १९७५ मध्ये ती बाजारात आली. त्याआधीच्या, ओढून काढून फेकायच्या टॅबला हा मधला टप्पा असा वेगळा पकडणं अवघड गेलं असतं. आपल्या टोपीचं सगळं गणित या दोन टप्प्यांच्या मधल्या फटीवर उभं आहे: पहिला टप्पा झाला की थांबायचं.

फुस्स किती जोरात होणार हे तापमान ठरवतं. कोलासारख्या पेयात दर लिटरला साडेतीन-पावणेचार लिटर कार्बन डायऑक्साइड विरघळवलेला असतो. ५ अंशांना त्याचा कॅनमधला दाब बाहेरच्यापेक्षा साधारण दीड बारने (एक बार म्हणजे जवळजवळ आपल्याभोवतीच्या हवेच्या दाबाइतका दाब) जास्त असतो, तर ३० अंशांना हाच फरक साडेचार बारच्या आसपास जातो. बिअरमध्ये गॅस कमी, अडीच लिटरच्या आसपास, म्हणून ती मुळात मवाळ. आतला एकूण दाब बाहेरच्या १.८ पटीहून जास्त असला की फटीतून सुटणारा गॅस आवाजाच्या वेगाने निघतो. थंड कोला ही मर्यादा ओलांडतोच, थंडगार बिअर जेमतेम तिच्या अलीकडे राहते. आणि झोताच्या आवाजाचं गणित फार तिखट आहे. ब्रिटिश गणितज्ञ जेम्स लाइटहिल यांनी १९५२ मध्ये दाखवलं की झोताची ध्वनिशक्ती वेगाच्या आठव्या घाताने वाढते. म्हणजे वेग निम्मा केला तर आवाज २४ डेसिबलने उतरतो. फोमची दहा जॅकेटं घालून हे साधणार नाही, वेग कमी करूनच साधतं. कुकरची शिट्टी आपोआप होऊ दिली तर घर जागं होतं. तीच काट्याने अलगद उचलून वाफ थोडी थोडी सोडली तर शेजारच्या खोलीत कळतही नाही. तसंच हे.

दिलासा देणारी गोष्ट अशी की सुटणारा गॅस फार थोडा असतो. ३३० मिलीच्या कॅनमध्ये पेयाच्या वरची मोकळी जागा दहा-पंधरा मिलीच असते. म्हणून झाकणावर चाळीस मिलीची पोकळी असलेली टोपी पुरते. गॅस आधी त्या पोकळीत फुगतो, दाब उतरतो, आणि मग तो बारीक छिद्रांतून सावकाश बाहेर जातो.

टोपी मी लेथवाल्याकडून ७० मिमी जाडीच्या डेलरिनच्या (एक कडक प्लॅस्टिक) दांड्यातून कातून घेतली. थ्रीडी प्रिंटही चालते, पण थरांमधून गॅस झिरपतो आणि मग सुईसारखी शिट्टी वाजते. मापं अशी: आतली पोकळी ४६ मिमी व्यासाची, २४ मिमी खोल. तोंडाशी ५५ मिमी व्यासाची, ५ मिमी खोल पायरी. त्या पायरीत ३ मिमी जाड मऊ सिलिकॉनचं वायसर बसतं, बाहेरून ५५ आणि आतून ४७ मिमी. उरलेल्या २ मिमीत कॅनची कड बसते आणि टोपी मधोमध राहते. बहुतेक कॅनच्या झाकणाला धंद्यात २०२ म्हणतात, म्हणजे दोन पूर्णांक दोन सोळांश इंच, ५४ मिमी. ३३० आणि ५०० मिलीचे नेहमीचे कॅन याच झाकणाचे. काही सडपातळ कॅनना याहून लहान झाकण असतं, त्यांच्यासाठी दुसरं वायसर कापावं लागतं. कॅन हातात घेऊन व्हर्नियरने मोजा, अंदाजाने कातू नका.

टॅब ओढायला स्क्रू वापरायचा मोह होतो. मीही आधी एम-५ चा स्क्रू लावला होता, सरळ वर उचलणारा. तो चुकतो, कारण टॅबचं टोक सरळ वर जात नाही. ते कमानीत फिरून रिव्हेटच्या डोक्यावर येतं. अर्ध्या वाटेत हूक निसटतो, टॅब झाकणावर आपटतो आणि मूळ कॅनपेक्षा मोठा आवाज होतो. उपाय विहिरीवरचा: रहाट. टोपीच्या आरपार, कडेपासून १८ मिमी उंचीवर, ६ मिमीची स्टेनलेस दांडी आडवी टाकली. तिच्या मधोमध १.२ मिमीचं भोक, त्यात मासेमारीची विणलेली दोरी, अर्धा मिमी जाडीची. दोरीच्या टोकाला १.६ मिमी तारेचा छोटा हूक. दोरी हवी तशी कलते, त्यामुळे टॅब कमानीत फिरला तरी ओढ सुटत नाही. दांडी रिव्हेटच्या बरोबर वर नको, तोंडाच्या बाजूला तीन-चार मिमी सरकवा, म्हणजे टॅब उभा होईपर्यंत ओढ लागते.

दांडी जिथून बाहेर येते तिथे दोन्ही बाजूंना ओ-रिंग, म्हणजे गॅस अडवणारी गोल रबरी कडी, हवी. वंगणाला खाण्याजोगं सिलिकॉन ग्रीस. खोबरेल लावून पाहिलं होतं, पण थंड कॅनवर ते थिजतं आणि दांडी अडखळत फिरते, आणि अडखळणं म्हणजे आवाज. दांडीच्या बाहेरच्या टोकाला ४० मिमी व्यासाची मूठ. टॅब उचलायला साधारण दोन किलो वजनाइतका जोर लागतो. एवढ्या मुठीवर तो तीनशे ग्रॅमच्या आसपास जाणवतो, दोन बोटांत मावतो. मागे फिरू नये म्हणून दात्यांचं चाक लावू नका. ते टकटक करतं.

गॅस बाहेर सोडायला टोपीच्या माथ्यावर १/८ इंचाचे आटे पाडून पितळी सायलेन्सर बसवला. हवेच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रांना लागतो तोच, बारीक कण भाजून केलेला, सच्छिद्र. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला किंवा पुण्यात बोहरी आळीत न्यूमॅटिकचं सामान ठेवणाऱ्या दुकानात मिळेल. तो नसेल तर स्पंजचा बोळाही चालतो, पण फेस लागला की दोन दिवसांत आंबट वास मारतो.

तिसरा आवाज, पत्र्याचा टक्, हा झाकणाच्या कंपनाचा. ताणलेलं झाकण ढोलकीच्या पुडीसारखं असतं. पुडीवर हात ठेवला की बोल बसतो, तसे टोपीत मऊ सिलिकॉनचे दोन तुकडे चिकटवले, टॅबच्या डाव्या-उजव्या अंगाला पत्र्यावर टेकतील असे. तोंडाच्या भागावर काही टेकवायचं नाही, तो आत वळायला मोकळा हवा. पत्रा कडेपासून चार-पाच मिमी खाली असतो. तुकडे तिथपर्यंत पोचून जेमतेम दबले पाहिजेत. जास्त दाबले तर टॅबलाच अडतात.

टोपी धरून कशी ठेवायची, हा प्रश्न मी सुरुवातीला हलक्यात घेतला. आकडे बघा. थंड कोल्याचा गॅस चाळीस मिली पोकळीत पसरला तरी, सायलेन्सर तुंबलेला असेल तर, आत एक तृतीयांश बारहून थोडा जास्त दाब उरतो. झाकणाएवढ्या क्षेत्रावर तो सात-आठ किलोचा जोर होतो. ३० अंशांच्या कॅनला हाच जोर वीस किलोच्या वर जातो. हाताने दाबून धरायची ही गोष्ट नव्हे. जेवणाचा उभा डबा दोन कड्यांनी आवळतो तशी रचना केली: खाली रबर चिकटवलेली तबकडी, दोन्ही बाजूंना पट्ट्या, वर कड्या. पट्ट्यांना ओळीने भोकं ठेवली, कारण नेहमीचा ३३० मिलीचा कॅन ११५ मिमी उंच तर ५०० मिलीचा १६८. भरलेला कॅन उभा दाब सहज सोसतो, पण कड्या एकसारख्या आवळा. एकीकडे जास्त ओढली तर टोपी कलते आणि वायसरखालून गॅस शिट्टी मारत निघतो.

वापरायची रीत अशी. कॅन चार तास फ्रिजमध्ये उभा, आणि उघडण्यापूर्वी दहा मिनिटं अजिबात न हलवता. कॅनवर टिचक्या मारून फेस कमी होतो हा समज सोडा. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०१९ मध्ये हजारावर बिअरचे कॅन उघडून पाहिले, टिचकीने काही फरक पडला नाही. प्रत्येक वेळी सायलेन्सरमधून तोंडाने फुंकून पाहा. फुंकर जात नसेल तर टोपी लावायचीच नाही.

मग दोरी चार-पाच सेंटीमीटर सैल सोडून हूक टॅबच्या भोकात अडकवा. काही टॅबना भोक नसतं. तिथे चमच्याच्या देठाने टोक दोन मिमी उचलून हूक खालून घाला, आणि टॅब बोटाने धरूनच ठेवा. टोपीवर एका बाजूला रंगाचा ठिपका दिलेला असावा, तो कॅनच्या तोंडाच्या रेषेत आणा. टोपी बसवा, कड्या लावा, दोरीचा सैलपणा गुंडाळून घ्या.

दोरी ताणली गेली की इथून पुढे घाई नाही. ६ मिमी दांडीच्या एका फेऱ्यात दोरी १९ मिमी ओढली जाते, म्हणून मूठ केसभर केसभर फिरवा. जोर वाढत जातो, वाढत जातो, आणि बोटांना एकदम हलकं वाटतं. खाच फुटली. तिथेच थांबा आणि मूठ धरून ठेवा. सायलेन्सरमधून बारीक ठेवलेल्या शेगडीसारखा सूं आवाज येतो, पाच ते दहा सेकंद. तो पूर्ण थांबल्यावरच पुढचा अर्धा फेरा. आता पत्रा फाटत आत वळतो, कानापेक्षा बोटांना जास्त कळतो. टॅब उभा झाल्यावर मूठ परत जड लागेल. आणखी फिरवलंत तर टॅब तुटून हातात येतो. कड्या काढताना आधी एकच, अर्धी सैल करा. आत दाब उरला असेल तर तो वायसरखालून निघून जातो.

बिघाड बहुतेक वेळा एकाच जागी होतो: सायलेन्सर. साखरेचं पाणी वाळलं की छिद्रं बुजतात. दर आठ-दहा कॅननंतर तो काढून गरम पाण्यात अर्धा तास ठेवतो आणि फुंकून वाळवतो. गोड नसलेल्या सोड्याला हा त्रास जवळपास नाही. दुसरा दोष ओ-रिंगचा. दांडीच्या भोकाची धार राहिली असेल तर दोरी गुंडाळताना रबर कापलं जातं, आणि अशी कापलेली ओ-रिंग इतकी चिरकते की त्यापेक्षा उघडा कॅन बरा. भोकाची धार बारीक पॉलिश कागदाने आधीच मारून घ्या.

मे महिन्यात गाडीत राहिलेल्या कॅनला ही टोपी लावू नये, आधी थंड करावा. आणि आत प्लॅस्टिकचा गोळा असलेल्या नायट्रोजनच्या स्टाउट बिअरला तर कधीच नाही. त्या गोळ्यातून बुडबुडे सुटायला दाब एकदम पडावा लागतो. सावकाश उघडलीत तर आवाज जाईल खरा, पण साय धरल्यासारखा तो फेसही जाईल.