पाठीवरची पिसं

आज सकाळी खुराड्याचं दार उघडलं, तर तांबडी बाहेरच येईना. उचलून घेतली. पाठीवरची पिसं पार गेलेली, खाली लालभडक कातडी, पंखापाशी नखांचे ओरखडे.

कोंबडा अवघा ५ महिन्यांचा. मानेची पिसं चोचीत धरून सरळ वर चढतो. आणि कोंबड्या तीनच! एकामागे ८-१० हव्यात, हे मला आधी सुचायला हवं होतं.

इथे गोराईत शेजारच्या मावशी कुंपणापलीकडून बघत होत्या. म्हणाल्या, "त्याला अजून नाचता येत नाय रे."

दिवसभर तेच डोक्यात आहे. जाणता कोंबडा एक पंख खाली पाडून कोंबडीभोवती फिरतो. दाणा दिसला की स्वतः न खाता कुक-कुक करून तिला बोलावतो. ती खाली बसली, तर पुढे. याला अंगात जोर आधी आला, रीत अजून यायचीय. अडवणारं, टोचून जागेवर आणणारंही कुणी नाही. माझ्या तिन्ही तलंगाच, म्हणजे कोवळ्या कोंबड्या.

त्याला जाळीपलीकडे ठेवलाय, काही आठवडे. तांबडी टोपलीखाली, कारण लाल दिसलं की बाकीच्याही टोचतात.

"कापून टाक," असं दोघांनी सुचवलं. मन होत नाही. गोराई-मनोरीत कुणाकडे जुनी, खमकी कोंबडी आहे का?