अर्ध्या पुण्याचा एकच फोन नंबर

कोथरूडच्या एका दुकानाची गिऱ्हाइकांची यादी नव्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये चढवली गेली, आणि सकाळी-सकाळी तिथल्या हिशेबनीस काकांचा फोन आला. "अहो, अर्ध्या पुण्याचा नंबर एकच दिसतोय. २१४७४८३६४७. हा कोणाचा?"

कोणाचाच नाही. पण गणितात एमएस्सी केलेल्या माणसाला तो ओळखीचा असतो.

आधी दुखणं सांगतो. फोनचा कॉलम ‘इंट’, म्हणजे पूर्णांकाचा, ठेवला होता. त्यात ३२ बिट, म्हणजे ० किंवा १ च्या ३२ जागा. एक अधिक-उण्याच्या चिन्हात जातो आणि उरलेल्या ३१ मध्ये जास्तीत जास्त मावतो तो २ चा ३१ वा घात वजा १, म्हणजे हाच आकडा. मायएसक्यूएल या डेटाबेसचा स्ट्रिक्ट मोड, म्हणजे चुकीचा आकडा नाकारण्याची सोय, बंद असला, की त्याहून मोठा आकडा आल्यावर ते अडत नाही. मर्यादेचा आकडा लिहून पुढे जातं. आपले मोबाइल नंबर ६ ते ९ ने सुरू होतात, त्यामुळे सगळेच कापले गेले.

पेठांतली जुनी लँडलाइनवाली मंडळी मात्र शाबूत होती! ०२० मधला पहिला शून्य गळला, की २० ने सुरू होणारा दहा आकडी नंबर उरतो आणि तो मर्यादेत बसतो. मुंबईचा २२ बसत नाही. काका भलतेच खूश झाले. "म्हणजे पुण्याचं बरोबरच होतं तर!"

मूळ एक्सेलवरून यादी पुन्हा चढत होती, तेवढ्यात टीममधल्या मुलीला मी अठराव्या शतकातल्या ऑयलर या गणितज्ञाबद्दल सांगितलं. २१४७४८३६४७ ही मूळ संख्या आहे, म्हणजे तिला १ आणि ती स्वतः यांखेरीज कशानेच भाग जात नाही, हे त्याने १७७२ साली सिद्ध केलं. तेव्हा त्याला जवळजवळ दिसत नव्हतं. तिचं वर्गमूळ ४६,३४० च्या पुढे, म्हणजे तिथवरच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं? त्याने आधी विचार केला. ३१ मूळ आहे, म्हणून हिचा कोणताही मूळ विभाजक ६२ च्या पटीपेक्षा १ ने जास्त हवा. शिवाय त्याला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ यायला हवी. दोन्ही अटी जोडल्या की २४८ ने भागून १ किंवा ६३ बाकी उरणारेच आकडे राहतात. ते पावणेचारशेच्या आसपास, आणि त्यातलेही बरेच मूळ नाहीत. मला यातला भागाकार नाही, ही चाळणी आवडते.

"मूळ आहे म्हणून संगणकवाल्यांनी निवडली का?" तिने विचारलं. छे, निव्वळ योगायोग. १६ बिटांची मर्यादा ३२७६७, तिला ७ ने भाग जातो. ६४ बिटांची २ चा ६३ वा घात वजा १, तिलाही ७ ने भाग जातो, कारण घातांकाला ३ ने भाग गेला की २ चा घन वजा १, म्हणजे ७, आत येतोच. घातांक मूळ असला म्हणजे संख्या मूळच असेल असंही नाही. २ चा ११ वा घात वजा १ घ्या. २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९.

"मग आपण ६४ बिटांचा कॉलम करू या?"

नको म्हटलं. कॉलम मजकुराचा केला. फोन नंबरांची कोणी बेरीज करत नाही, आणि ०२० मधला शून्यही जागेवर राहतो.