काळे टॅग

भाजलेल्या पेशंटची टक्केवारी फोनवर सांगतात ती कधीच खरी नसते, हे आमच्या वॉर्डातल्या मावशींनाही पाठ आहे. त्या रात्री फोनवर 70 सांगितली होती. रात्री दीडला पेशंट आली. वय 34, कोपरखैरण्याला राहणारी. घरात गॅस गळत होता, वास आला म्हणून उठली आणि आधी लाइटचं बटण दाबलं. नवाच्या नियमाने मोजलं: एक हात 9, एक पाय 18, छाती-पोट 18, पाठ 18, डोकं 9. फुटकळ ठिकाणी पेशंटचाच तळहात धरायचा, बोटांसकट तो साधारण 1. बेरीज 50 आली. पाठवणाऱ्यांनी नुसतं लाल झालेलं कातडंही मोजलं होतं. ते धरायचं नसतं. फोड आलेलं, साल निघालेलं, पांढरं चिवट पडलेलं तेवढंच धरायचं. शिवाय चेहऱ्यावर टूथपेस्टचा थर होता. तो हलक्या हाताने धुऊन काढण्यात पंधरा मिनिटं गेली. टूथपेस्ट, शाई, गव्हाचं पीठ, सगळं पाहिलंय. नळाखाली वीस मिनिटं हात धरणारा माणूस मात्र क्वचित येतो.

मग सलाइनचं गणित. 4 मिली गुणिले वजन गुणिले टक्केवारी. बाईंचं वजन 60 किलो, म्हणजे 24 तासांत 12 लिटर आरएल, रिंगर लॅक्टेट नावाचं सलाइन. त्यातलं निम्मं पहिल्या आठ तासांत, आणि हे आठ तास भाजल्यापासून मोजायचे, आमच्या दारात आल्यापासून नाही. हे पाठवणाऱ्या हॉस्पिटलला किती वेळा सांगायचं? बाई साडेदहाला भाजल्या होत्या. तीन तासांत त्यांना अर्ध्या लिटरची एक बाटली लावली होती. म्हणजे उरलेले साडेपाच लिटर साडेसहापर्यंत, पाच तासांत. दोन मोठ्या लाइन घेतल्या, कॅथेटर घातला आणि तासातासाला लघवी मोजत बसले. ताशी 30 ते 50 मिली पडली तर रक्त फिरतंय. पहिल्या तासाला 12 पडली, गडद, चहासारखी. चौथ्या तासाला 35. लघवी पाहून आनंद होणारी जमात जगात फक्त आमचीच असेल.

सगळा वेळ त्यांचं एकच चाललं होतं, “सिस्टर, पाणी.” एवढ्या भाजण्यात सुरुवातीला आतडी मंदावतात, प्यायलेलं उलटतं आणि फुफ्फुसात जाऊ शकतं. म्हणून ओला गॉझ ओठांवर फिरवायचा, बस. अंगात दर तासाला लिटरभर पाणी जातंय आणि माणूस तहानेने तडफडतोय, हे नातेवाइकांना समजावणं सगळ्यात अवघड. त्यांच्या नवऱ्याने मला “दगड आहात का” असं विचारलं. बरोबरच आहे त्याचं.

सकाळी आठला हँडओव्हर देताना मेट्रन मॅडम आल्या. हिरोशिमा दिनाची शांतिफेरी आहे, आयोजकांनी प्रथमोपचाराला एक सिस्टर मागितलीय, दिवसपाळीत माणसं कमी आहेत, “तू वाशीतच राहतेस ना, जाता जाता करून टाक.” जाता जाता! त्याची सुट्टीही मिळणार नव्हती. पण रात्रभर जागून डोकं इतकं तापलेलं होतं की घरी जाऊनही झोप लागली नसती. पेटी घेऊन निघाले.

शिवाजी चौकातून सागर विहारपर्यंत. दीडशेएक माणसं, त्यातली निम्मी कॉलेजची एनएसएसवाली मुलं, हजेरीसाठी आलेली आणि ते लपवण्याचा प्रयत्नही न करणारी. पुढे एक निवृत्त शाळेच्या बाई, आवाज असा की मेगाफोन शोभेलाच. नारिंगी धुराचा मोठा ढग छापलेला फ्लेक्स, वारा आला की गलबताच्या शिडासारखा फुगत होता. साडाको सासाकी या 12 व्या वर्षी रक्ताच्या कॅन्सरने गेलेल्या मुलीच्या आठवणीत मुलींनी कागदाचे सारस करून दोऱ्यात ओवले होते. पावसाने पाचच मिनिटांत त्यांचा लगदा झाला. “युद्ध नको, बुद्ध हवा” अशी घोषणा चालली होती. माझ्या शेजारून छत्री धरून चालणारे एक काका हळूच म्हणाले, “1974 ला बुद्ध हसला तो इथल्याच प्लुटोनियमवर.” आणि खाडीच्या दिशेने मान हलवली.

काका खाडीपलीकडे ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात 31 वर्षं नोकरी करून निवृत्त झालेले. वाशी-नेरूळमध्ये अशी घरं पुष्कळ. त्यांनी सांगितलं की पोखरणच्या पहिल्या चाचणीचं प्लुटोनियम ‘सायरस’ अणुभट्टीतून आलं, ती 2010 च्या शेवटी बंद झाली. मी विचारलं, मग तुम्ही इथे कसे? म्हणाले, “मी बॉम्ब केला नाही. आणि केला असता तरी चाललो असतो.” पुढे ते भारताच्या ‘पहिला वार नाही’ या धोरणावर बोलत राहिले. माणूस प्रामाणिक वाटला. मला मात्र 1998 चा मे आठवत होता. आमच्या चाळीत पेढे वाटले होते आणि मी दोन खाल्ले होते.

माझं काम म्हणाल तर दोन टाचांचे फोड आणि नाश्ता न करता आलेली एक मुलगी चक्कर येऊन बसली, तिला ग्लुकोज आणि बिस्किटं.

सागर विहारला खाडीच्या काठाशी सगळे थांबले. पलीकडे ट्रॉम्बेची टेकडी ढगात अर्धी. बाईंनी भाषण केलं, ते आणखी वीस मिनिटं चाललं असतं पण पाऊस वाढला. मग त्यांना एकदम मी आठवले. “आपल्यात बर्न्स वॉर्डच्या सिस्टर आहेत, त्यांनी दोन शब्द सांगावेत.”

मला भाषण येत नाही. मला आकडे येतात. मी सांगितलं की हिरोशिमात सकाळी 8:15 म्हणजे आपल्याकडे पहाटे पावणेपाच, आणि आज पावणेपाचला मी एका पेशंटची आठवी बाटली लावत होते. एका पेशंटला पहिल्या दिवशी 24 बाटल्या. सकाळी आमच्या स्टोअरमध्ये 212 होत्या. पुरते नऊ पेशंटही त्यात बसत नाहीत. हिरोशिमात त्या वर्षाच्या अखेरपर्यंत साधारण 1,40,000 माणसं गेली. आणि सलाइन लावायला कोण होतं? बॉम्बचा नेम एका पुलावर होता, पण तो फुटला शिमा हॉस्पिटलच्या जवळजवळ डोक्यावर, सुमारे 600 मीटर उंचीवर. शहरातल्या 1,780 नर्सेसपैकी 1,654 मेल्या किंवा कामाच्या राहिल्या नाहीत. उरलेल्या 126. मोठमोठ्या तीन-चार वॉर्डांना पुरतील एवढ्याच.

हा 126 चा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा ड्युटी चार्ट करायला बसल्यासारखं वाटलं होतं. 126 जणींच्या तीन पाळ्या कशा लावायच्या?

मुलं आता ऐकत होती. मी तिथेच थांबायला हवं होतं. पण मॉक ड्रिलला आम्ही वापरतो ते टॅग कुणीतरी विचारले, आणि मी सांगत गेले. लाल म्हणजे आत्ता घ्या, पिवळा थोडा थांबेल, हिरवा चालू शकतो, काळा म्हणजे गेलेला, किंवा जाणारच. भाजलेल्यांचं वय आणि टक्केवारी यांची बेरीज जितकी मोठी तितकी आशा कमी. कितीच्या पुढे काळा द्यायचा ती रेघ साधनं पुरेशी असली तर वर असते, माणसं वाढली की खाली सरकते. “कालची माझी पेशंट, 34 आणि 50, आज लाल आहे. तिच्याबरोबर हजार आले असते तर तिला काळा.”

निळ्या रेनकोटमधल्या एका मुलीने विचारलं, “पण काळा टॅग लावतं कोण?”

“पहिली जी पोहोचेल ती सिस्टर. म्हणजे मीच.”

“आणि मग ती पाणी मागत असेल तर?”

मी म्हटलं, “नियमाने पुढच्या पेशंटकडे जायचं.” लगेच म्हटलं, विचारही न करता, मुलाखतीत उत्तर द्यावं तसं. ती माझ्याकडे बघतच राहिली. बाईंनी मेगाफोन घेतला, दोन मिनिटं मौन जाहीर केलं. सगळे खाली मान घालून उभे, पाऊस फ्लेक्सवर तडतडत होता, आणि मला आठवलं की हिरोशिमात जिवंत राहिलेल्यांनी हेच सांगितलंय: भाजलेली माणसं पाणी मागत होती, आणि पाणी दिलं तर मरतील म्हणून पुष्कळांनी दिलं नाही. ती माणसं तरीही मेली. म्हणून तिथल्या दरवर्षीच्या कार्यक्रमात त्यांना पाणी वाहतात. हे मला तेव्हा सांगता आलं असतं. मौनात कसं सांगणार?

परत जाताना काका म्हणाले, “सिस्टर, तुमचं गणित चोख आहे. पण मुलांना एवढं सांगायचं नसतं.” बॉम्बच्या गावात 31 वर्षं काढलेल्या माणसाने मला हे सांगावं! पण मी काहीच बोलले नाही, कारण त्यांचं चुकलंय असंही मला वाटत नाही.

रात्री आठला परत ड्युटी. बाईंचं पोट ऐकलं, आतडी हलत होती. डॉक्टरांनी तोंडाने ताशी 30 मिली पाणी द्यायला लिहिलं होतं. त्याआधी मी आपत्तीच्या कपाटाकडे गेले, कशाला ते विचारू नका. लाल टॅग 20, पिवळे 20, हिरवे 50, काळे 10. बाकीचे हाताळून मळले होते, काहींवर जुन्या ड्रिलची नावं. काळे तेवढे अजून प्लॅस्टिकच्या पाकिटात. ड्रिलला काळा पेशंट व्हायला कुणी तयार होत नाही, मामासुद्धा नाही म्हणतात, अपशकुन होतो. पाकीट होतं तसं ठेवलं.

नऊ वाजता औषधाच्या छोट्या कपात 30 च्या खुणेपर्यंत पाणी ओतलं आणि चमच्याने पाजलं. बाईंना ते संपायला चार मिनिटं लागली. त्यांनी जीभ ओठांवरून फिरवली.

“अजून?”

“दहाला, ताई.”

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दहाला मी गेले तेव्हा त्या जाग्याच होत्या, घड्याळाकडेच बघत.