उन्हात आरसा झालेला फोन

"सौद्याला उन्हात धरला की ह्यात माझंच तोंड दिसतंय. भाव कुठं वाचू?" मार्केट यार्डात हळदीची अडत असलेले काका फोन काउंटरवर ठेवत म्हणाले. दोनच दिवसांपूर्वी मी त्यांची काच बदलली होती.

चूक माझी होती. काच सोडवताना ओलेड पॅनेलवरची (ह्या स्क्रीनचा प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो) पोलरायझर फिल्म, म्हणजे एकाच दिशेनं कंपणारा प्रकाश जाऊ देणारा पापुद्रा, फाटली आणि तिच्या जागी मी एलसीडीची, म्हणजे मागून दिवा असलेल्या स्क्रीनची, साधी फिल्म लावली. चित्र छान दिसलं, दुकानातल्या ट्यूबलाइटखाली काही जाणवलंही नाही.

भाची एम.एस्सी. फिजिक्सला आहे. संध्याकाळी तिनं थ्रीडी सिनेमाचा चष्मा माझ्या डोळ्यांवर चढवला. "मामा, एक डोळा मीट आणि आरशात बघ." उघड्या डोळ्यापुढची काच काळीकुट्ट! मिटलेला डोळा मात्र स्वच्छ दिसत होता. त्या काचेतून निघणाऱ्या प्रकाशाला दोरीसारखा पीळ असतो. आरशावर आपटला की उजव्याचा डावा होतो, मग त्याच काचेतून तो परत आत येऊ शकत नाही. ओलेडच्या तळाचा धातूचा थर म्हणजे आरसाच. मूळ फिल्ममध्ये पोलरायझरखाली पाव तरंगाचा थर त्याच्याशी 45 अंशांत बसवलेला असतो, तो बाहेरच्या उन्हाला असा पीळ देऊन आतच अडकवतो. माझ्या फिल्ममध्ये तो थरच नव्हता.

पण ही फिल्म स्क्रीनचा स्वतःचा निम्मा प्रकाशही खाते. इतक्या वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पिक्सेलमधूनच योग्य पिळाचा प्रकाश निघाला, तर तो न अडता बाहेर येईल, बॅटरीही वाचेल. डाव्या-उजव्या हातांसारखे रेणू वापरून असा पातळ दिवा नेदरलँड्समध्ये 1997 साली करून दाखवला गेला. अडचण मोठी आहे. पूर्ण पिळाचं माप 2 धरतात, आणि साध्या सेंद्रिय रेणूंचं बहुतेकदा 0.001 च्या आसपास भरतं. त्यात मागं गेलेला प्रकाश धातूवर आपटून उलट्या पिळाचा होतो आणि पुढच्याला खोडतो. पुन्हा तोच आरसा! रात्री जेवताना आम्ही ह्याच्यावरच बोलत होतो.

योग्य फिल्म मागवून बसवली, पैसे घेतले नाहीत. भर दुपारी काकांबरोबर रस्त्यावर उभा राहिलो. त्यांनी फोन कलता केला, सरळ केला, आणि राजापुरीचा भाव मोठ्यानं वाचला.