‘काही नाही, होते तसे’ हे उत्तर मला पुरत नाही

गोव्यात डिचोलीला भावाच्या घरी विश्रांती घेत असताना रोज सकाळी मला एक विचित्र मरगळ जाणवू लागली. उठल्यापासून अंग जड असे, अंगणातल्या तुळशीला दोन-चार फेऱ्या घातल्या की थोडी हुशारी वाटे, पुन्हा खुर्चीत येऊन बसले की हातापायांतले बळ ओसरे, आणि साडेअकरा वाजून गेले की सारे आपोआप पूर्ववत होई. भावाकडच्या रक्तदाब मोजण्याच्या यंत्रावर नाडीचा आकडाही दिसतो. बसल्या जागी तो सकाळी 50 असे आणि दुपारी जेवणाच्या वेळी 60. घरातल्या सर्वांचे मत एकच होते, की हा लांबच्या प्रवासाचा शीण आहे, त्यात मार्चचा उकाडा आहे, आणि छातीत पेसमेकर, म्हणजे हृदयाचे ठोके चालू ठेवणारे यंत्र, बसवलेल्या माणसाला एवढे होणारच. माझे मन मात्र त्यावर विश्वास ठेवायला तयार होईना, कारण शीण काही घड्याळ बघून येत-जात नाही.

म्हणून मी, जिथे राहते त्या इंग्लंडमधल्या स्विंडनच्या ज्या विभागात माझे यंत्र तपासले जाते तिथे फोन केला. तिथल्या तंत्रज्ञ बाईंनी सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, ‘भारताचे घड्याळ आमच्यापेक्षा किती पुढे आहे?’ मी साडेपाच तास म्हटल्यावर उलगडा झाला. माझ्या यंत्रात झोपेची वेळ ठरवून दिलेली आहे. रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत ठोक्यांची किमान गती 60 वरून 50 वर उतरते, जेणेकरून झोपेत हृदयाला विसावा मिळावा. पण यंत्राच्या आतले घड्याळ मोपाच्या विमानतळावर उतरल्यावर आपसूक बदलत नाही. ते इंग्लंडच्याच वेळेने चालू होते. तिकडची रात्रीची दहा ते सहा म्हणजे डिचोलीची पहाटे साडेतीन ते सकाळी साडेअकरा. घरात चहा-नाश्ता होत होता, दारात शिगम्याचे मेळ येत होते, आणि माझ्या छातीतल्या यंत्राच्या हिशेबी मी अजून गाढ झोपेत होते. हालचाल केली की ते गती वाढवत होते, म्हणूनच तुळशीच्या फेऱ्यांनंतर बरे वाटत होते.

त्या बाईंबद्दल मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण शस्त्रक्रियेनंतरच्या काळात मला सावरले असेल तर त्यांच्या स्पष्टीकरणांनी. माझ्या हृदयाचा ठोका जिथून सुरू होतो तो सायनस नोड क्षीण झाला होता. मधूनच काही सेकंद ठोका पडत नसे आणि मी घेरी येऊन कोसळत असे. पेसमेकर बसवायला साधारण तासभर लागला, तोही त्या जागेपुरती भूल देऊन. खरी परीक्षा नंतर सुरू झाली. डाव्या कुशीवर झोपले की प्रत्येक ठोका उशीत ऐकू येई. बरगड्यांखाली उचकीसारखे काहीतरी लयीत उडे. जखमेच्या भोवती एकीकडे खाज आणि दुसरीकडे बधिरता. मधेच एखादा ठोका चुकल्यासारखा वाटे आणि पुढचा घणाघाती पडे. पहिल्या तपासणीला जाताना हे सगळे मी वहीत लिहून नेले, आणि मनात धाकधूक होती की या बाई हसतील किंवा घाईने वही मिटतील.

त्यांनी वहीतली प्रत्येक ओळ वाचली. उचकीसारखे जे उडते ते श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा स्नायू आहे, असे त्यांनी सांगितले. हृदयात बसवलेल्या वायरच्या टोकाभोवती सुरुवातीचे काही आठवडे सूज असते आणि त्या काळात ठोका पाडायला जास्त जोर लागू शकतो, म्हणून विजेच्या स्पंदाचा जोर आरंभी मुद्दाम चढा ठेवतात. तोच जोर कधीकधी शेजारच्या श्वासपटलापर्यंत किंवा त्याच्या नसेपर्यंत पोहोचतो. सूज ओसरून वायर रुळली की जोर कमी करता येतो, त्याने बॅटरीही जास्त टिकते. मात्र ही उचकी थांबेनाशी झाली, किंवा जोडीला घेरी आली, तर वायर जागची हलली असण्याची शक्यता असते आणि त्याच दिवशी कळवायचे. चुकल्यासारखा वाटणारा ठोका हृदयाचा स्वतःचा आगाऊ ठोका आहे. पेसमेकर संथपणा दूर करतो, आगाऊ ठोके थांबवणे हे त्याचे काम नव्हे. मग त्यांनी संगणकावरून माझ्या हृदयाची गती वाढवून आणि उतरवून दाखवली, आणि प्रत्येक वेळी आधी सांगितले की आता छातीत धडधडल्यासारखे वाटेल, आता क्षणभर हलके वाटेल. स्वतःच्या काळजावर दुसऱ्याचा हात चालताना पाहणे भीतिदायक असते, पण काय होणार हे आधी कळले की ती भीती पुष्कळ कमी होते, हे मी त्या खोलीत अनुभवले.

गोव्यात आल्यावर या ज्ञानाची मला फार गरज पडली. पणजीहून डिचोलीला बसने येताना एके ठिकाणी रस्ता उखडलेला होता. मी खिडकीशी स्वस्थ बसले होते, तरी धक्के सुरू होताच हृदय जलद पडू लागले आणि सपाट रस्ता लागताच निवळले. माझ्या यंत्रात शरीराची हालचाल ओळखणारा संवेदक आहे. माणूस चालू लागला की तो गती वाढवतो, कारण माझा सायनस नोड ते काम आता नीट करत नाही. बसचे हादरे आणि माणसाची चाल यांतला फरक त्याला नेहमीच कळतो असे नाही. हे आधी ठाऊक नसते, तर मी त्याच बसमधून थेट रुग्णालय गाठले असते.

मोटारीत बसण्याचेही एक तंत्र आहे, ते इकडच्या वाचकांना उपयोगी पडेल म्हणून सांगते. आपल्याकडे चालकाच्या शेजारी बसणाऱ्याचा पट्टा डाव्या खांद्यावरून येतो आणि बहुतेकांचा पेसमेकर डाव्याच गळपट्टीच्या हाडाखाली असतो, त्यामुळे तो नेमका जखमेवर घासतो. मी मागच्या बाकावर उजवीकडे बसत असे. तिथे पट्टा उजव्या खांद्यावरून येतो. स्वतः गाडी चालवण्याचे म्हणाल, तर इंग्लंडमध्ये पेसमेकर बसवल्यावर एक आठवडा मोटार चालवता येत नाही आणि परवाना देणाऱ्या खात्याला कळवावे लागते. बस-ट्रक चालवणाऱ्यांना सहा आठवडे थांबावे लागते. तो नियम मला तेव्हा जाचक वाटला नाही आणि आजही वाटत नाही.

घरच्यांनी माझे जे केले त्याची बरोबरी कुठलाच विभाग करू शकणार नाही, हेही तितकेच खरे आहे. डावा हात काही आठवडे खांद्याच्या वर न्यायचा नाही आणि जड उचलायचे नाही, एवढे सांगितल्यावर वहिनींनी मला दांडीवर एक कपडा वाळत घालू दिला नाही, की विहिरीवरून कळशी आणू दिली नाही. माझ्यासाठी शहाळी आणि पेज यांचा खंड पडला नाही. शेजारच्या बायका संध्याकाळी येऊन बसत. स्विंडनमध्ये गोंयकार पुष्कळ आहेत आणि शस्त्रक्रियेनंतर त्यांनी डबे आणून दिले, पण पाळीवर कामाला जाणारी माणसे दिवसभर कुणाच्या उशाशी बसू शकत नाहीत. त्या खोलीत मी दिवसचे दिवस स्वतःच्या ठोक्यांकडे कान देऊन काढले आहेत. डिचोलीच्या घरात तेवढी शांतता मिळतच नव्हती आणि ती न मिळणे हाच मोठा उपचार होता.

मात्र याच प्रेमळ माणसांना माझ्या संवेदनांविषयी बोललेले चालत नसे. उचकीचा विषय काढला की ‘काही नाही, होते तसे’, डाव्या कुशीचा काढला की ‘त्याचा विचार करू नकोस’. त्यामागची माया मला समजते. तरीही जी गोष्ट शरीराला दर मिनिटाला जाणवते तिचा विचार न करणे कुणालाही जमणार नाही, आणि कारण कळल्याशिवाय मन तिथून हलत नाही. दुसरीकडे, ज्याला भिण्याचे कारण नव्हते त्याची भीती घरात भरपूर होती. मिक्सर लागला की मला बाहेर बोलावत, मायक्रोव्हेव्हचे बटण दाबायच्या आधी वहिनी मला हाक मारून दूर व्हायला सांगत. ही उपकरणे सुस्थितीत असतील तर नेहमीच्या वापराने पेसमेकरला काही होत नाही. मोबाइल छातीच्या खिशात ठेवायचा नाही, यंत्रापासून साधारण 15 सेंटिमीटर दूर धरायचा आणि उजव्या कानाला लावायचा; इंडक्शनच्या शेगडीपासून 60 सेंटिमीटर अंतर राखायचे. विमानतळावरच्या धातुशोधक चौकटीतून न रेंगाळता जायचे आणि हातातले तपासणी यंत्र छातीवर फिरवू द्यायचे नाही. परतताना मी पेसमेकरचे कार्ड दाखवले, तेव्हा सुरक्षेतल्या मुलीने पडद्याआड नेऊन हातानेच तपासणी केली आणि ‘दुखत तर नाही ना?’ असे आपुलकीने विचारले.

‘हे ऑपरेशन तू इथेच का करून घेतले नाहीस?’ हा प्रश्न मला अनेकांनी विचारला, आणि त्यामागे पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन इंग्लंडला गेलेल्या गोंयकारांविषयीचा जुना रागही थोडा होता. ज्या गोव्यात 1842 पासून वैद्यकीय शिक्षण दिले जात आहे, तिथल्या डॉक्टरांवर माझा विश्वास नाही असे कुणी समजू नये. मी तिकडे रस्त्यावर कोसळले आणि तिकडेच दाखल झाले, एवढेच त्याचे उत्तर आहे. तिकडे कर भरून वर्षे काढली आहेत, त्या उपचारांवर माझा हक्क होता. आणि खरे सांगायचे तर, मला समजावून सांगणारे माणूस तिथे भेटले, ही गोष्ट मी देशाभिमानापोटी लपवून ठेवणार नाही.

भावाला वेगळीच चिंता होती, ती म्हणजे यंत्र मधेच बंद पडले तर काय. मी त्याला आर्ने लार्सन यांची हकिगत सांगितली. 8 ऑक्टोबर 1958 रोजी स्वीडनमध्ये, ऑके सेनिंग या शल्यविशारदांनी, रूने एल्मक्विस्ट यांनी तयार केलेला पेसमेकर त्यांच्या शरीरात बसवला. शरीरात पूर्णपणे बसवलेले ते जगातले पहिले यंत्र होते आणि ते काही तासच चालले. लार्सन यांना पुढे वीसहून अधिक यंत्रे बदलावी लागली, पण ते 2001 पर्यंत, वयाच्या 86 व्या वर्षापर्यंत जगले. आजच्या यंत्राची बॅटरी बहुधा आठ-दहा वर्षे किंवा त्याहून जास्त जाते आणि ती संपत आल्याचे तपासणीत बरेच आधी कळते. हे ऐकल्यावर भाऊ रात्री उठून माझ्या दाराशी येऊन बघायचा थांबला.

परतल्यावर तंत्रज्ञ बाईंनी माझ्या यंत्रातली झोपेची वेळ बंदच करून टाकली, कारण मी दरवर्षी गोव्याला येते हे त्यांनी नोंदवून ठेवले आहे. स्पंदाचा जोरही त्याच वेळी उतरवला आणि बरगड्यांखालची उचकी थांबली. सगळ्या मोजमापांचा छापील कागद मी मागून घेतला. पुढच्या वेळी गोव्यात काही झाले तर तिथल्या डॉक्टरांपुढे तो ठेवता येईल.

भावाच्या शेजारी राहणाऱ्या काकांनाही पेसमेकर आहे. माझे बोलणे ऐकून, आपण यंत्र बसवल्यापासून डाव्या कुशीवर झोपलोच नाही, कारण तिकडे वळले की पोटात काहीतरी उडते, असे त्यांनी हळूच सांगितले. डॉक्टरांना त्यांनी ते कधी सांगितले नव्हते. तक्रारखोर दिसू, असे त्यांना वाटे. मी त्यांना एका कागदावर मराठीत चार प्रश्न लिहून दिले: उडते ते श्वासपटल आहे का, स्पंदाचा जोर कमी करता येईल का, हालचालीचा संवेदक चालू आहे का, आणि यंत्राच्या मोजमापांचा छापील कागद मिळेल का. त्यांची तपासणी पुढच्या महिन्यात आहे. कागद सोबत घ्यायची आठवण वहिनी त्यांना करून देणार आहेत, आणि तेव्हा फोन करून उत्तरे विचारायचे मी ठरवले आहे.