टाचण शेवटच्या प्रश्नापासून काढा

टाचण, म्हणजे तासाचा लेखी आराखडा, काढायला बसलं की हात आपसूक प्रस्तावनेकडे जातो. त्याआधी तास संपताना प्रत्येक मुलाने एकट्याने सोडवायचं उदाहरण लिहून ठेवा. भिन्नछेद अपूर्णांकांची बेरीज शिकवायची असेल तर २/३ + १/४. ‘बेरीज समजणे’ असं उद्दिष्ट तपासता येत नाही, हे उदाहरण तपासता येतं.

त्यासाठी लसावि आणि सममूल्य अपूर्णांक यायला हवेत. पहिली ५ मिनिटं यावरचे तीन प्रश्न वहीत सोडवून घ्या. निम्मा वर्ग इथेच अडला तर नवा भाग त्या दिवशी घेऊ नका.

४० मिनिटांच्या तासिकेत समजावून सांगायला १० मिनिटं पुरतात. फळ्याच्या डाव्या बाजूला १/२ + १/३ सोडवा, प्रत्येक पायरी का केली तेही बोला, आणि हा भाग तास संपेपर्यंत पुसू नका. शेजारी २/५ हे चुकीचं उत्तरही लिहा. २/५ तर १/२ पेक्षा लहान! एकात दुसरं मिळवल्यावर उत्तर घटलं कसं, हे मुलांनाच शोधू द्या. अंशात अंश आणि छेदात छेद मिळवायची सवय नियम घोकून जात नाही, या तुलनेने हलते.

पुढची १३ मिनिटं मुलांनी तुमच्या मदतीने उदाहरणं सोडवायची. तीच सगळ्यांत मोलाची, आणि सांगणं लांबलं की नेमकी हीच कापली जातात. मग मुलं फळ्यावरचं उतरवून घेतात आणि गृहपाठात अडकतात. एका उदाहरणात शेवटची पायरी रिकामी ठेवा, पुढच्यात फक्त समान छेद द्या, त्यानंतर काहीच देऊ नका.

‘समजलं का?’ विचारलं की वर्ग एका सुरात ‘हो’ म्हणतो, त्यातून काहीच कळत नाही. आधी प्रश्न, मग किमान ३ सेकंद शांतता, नाव शेवटी. नाव आधी घेतलं तर बाकीचे विचार करायचं सोडून देतात. पाटीवर उत्तर लिहून सगळ्यांनी एकदम वर धरलं तर आणखी चांगलं.

८ मिनिटं स्वतंत्र सराव, उरलेल्या ४ मिनिटांत आधी लिहून ठेवलेलं २/३ + १/४ चिठ्ठीवर. चिठ्ठ्यांचे तीन गठ्ठे करा: बरोबर, रीत बरोबर पण आकडेमोड चुकलेली, रीतच चुकलेली. तिसऱ्यात बहुतेक ३/७ दिसेल. तो गठ्ठा जाड असेल तर उद्याच्या टाचणात पहिली ओळ १/२ आणि २/५ च्या तुलनेची.