सावळ्या चेहऱ्यासाठी सकाळचा उजेड

मैत्रिणीच्या गाण्याचा पहिला स्वतंत्र कार्यक्रम ठरला आणि पत्रिकेसाठी ती एका स्टुडिओत जाऊन फोटो काढून आली. तो बघून तिची आई म्हणाली, "ही कोण गं?" मैत्रीण सावळी, आणि फोटोत पार पिठासारखी गोरी झालेली. लहानपणी झोपाळ्यावरून पडली होती, त्याची भुवईवरची खूणसुद्धा पुसून टाकलेली. मला ते फार लागलं. पाचवीपासून हा चेहरा बघतेय मी! म्हटलं, तुझे फोटो मी काढते, आणि बाहेर, सूर्याच्या उजेडात काढते.

पहिला रविवार वाया गेला. नोव्हेंबरचं ऊन कोवळं असेल अशा समजुतीने साडेअकराला बागेत गेलो. डोळ्यांच्या खोबणीत काळोख, नाकाची सावली थेट ओठावर, आणि ती बिचारी डोळे किलकिले करून बसलेली. म्हणून झाडाखाली नेलं, तर पानांतून पडणारे कवडसे गालावर पांढऱ्या ठिपक्यांसारखे उमटले. खालच्या हिरवळीची हिरवट झाक हनुवटीवर, त्यात तिच्या गुलाबी ओढणीची भर. मागे लख्ख आकाश होतं. कॅमेरा सगळ्या चौकटीचा उजेड मिळून मोजतो, त्यामुळे आकाश सांभाळायच्या नादात त्याने चेहरा आणखी काळवंडून टाकला. तिने स्क्रीनवर पाहिलं आणि हळूच म्हणाली, "बघ, म्हणूनच गोरं करतात ते."

हे वाक्य आठवडाभर डोक्यातून जाईना. तिच्या रंगात काहीच उणं नव्हतं. उजेडाकडे पाठ करून बसवलं होतं मी तिला.

त्या आठवड्यात एक सवय लावून घेतली. मूठ डोळ्यांसमोर धरायची आणि जागच्या जागी गोल फिरायचं. बोटांच्या पेरांवर सावली कुठे कडक पडते, कुठे विरघळते, हे लगेच दिसतं. गॅलरीत, जिन्यात, बसस्टॉपवर मी हेच करत होते. कळलं ते असं, की सर्वांत सुंदर उजेड सावलीच्या कडेला असतो. सावलीत बसायचं, पण तोंड मोकळ्या आकाशाकडे करायचं. आकाशाचा एवढा मोठा तुकडा समोर असला की उजेड चेहऱ्यावर अलगद पसरतो आणि डोळ्यांत त्याची चमक उतरते. सावळ्या त्वचेवर तर तो गालाच्या उंचवट्यावरून तेलासारखा ओघळतो. गोऱ्या चेहऱ्यावर ही झळाळी इतकी उठून दिसत नाही, असं माझं मत आहे.

डिसेंबरात वेताळ टेकडीवर गेलो. पुण्यात तेव्हा सातच्या सुमारास उजाडतं, म्हणून पावणेसातलाच वर पोचलो होतो. गवत वाळून पिवळंधमक झालेलं, कुठेतरी मोर ओरडत होते. या वेळी तिला मोतिया रंगाची साडी नेसायला सांगितली होती, म्हणजे कापडाचा रंग हनुवटीवर चढायला नको. जुन्या खाणीजवळ कातळाच्या सावलीत तिला बसवलं. अ‍ॅपर्चर, म्हणजे भिंगाचं तोंड, एफ २.८ इतकं मोठं उघडलं, शटर सेकंदाच्या १/२०० भागापुरतं, फोकस जवळच्या डोळ्यावर. मी साताठ फूट मागे उभी राहिले, कारण फार जवळ गेलं की नाक मोठं दिसतं. उजेड मोजायला कॅमेऱ्याला फक्त तिचा गाल दाखवला, मागचं आकाश नाही.

उजेड जमला, पण ती आखडली. खांदे वर, हसू चिकटवलेलं. वीस मिनिटं अशीच गेली.

मग मी घरून आणलेला थर्माकोलचा पांढरा तक्ता तिच्या हातात दिला आणि तिच्या जागी स्वतः बसले. "हा माझ्या हनुवटीखाली धर, मग वरखाली कर. काय होतं सांग." ती ओणवी होऊन बघायला लागली. "अगं, डोळ्यांखालचं काळं गेलं! खाली नेला की परत आलं." दोन-तीनदा करून बघितलं तिने. मग जागा बदलल्या. आता तक्ता तिच्याच मांडीवर, आणि तो इकडे तिकडे कलता करत ती मला विचारतेय, "आता? इथे?" उत्तराची वाट बघताना तिची मान किंचित तिरकी होत होती. रियाजात एखादा सूर लागतोय का ते ऐकताना ती अशीच होते. मी बटण दाबत राहिले.

साडेसातच्या पुढे ऊन कातळाच्या कडेवरून आत शिरलं. तिला उन्हाकडे पाठ करून बसवलं, तर केसांना सोनेरी कड आली. चेहऱ्यासाठी एक्स्पोजर एक स्टॉप वाढवलं, म्हणजे उजेड दुप्पट घेतला, आणि तक्ता समोर धरायला लावला. नाकातली चमकी तेवढी पांढरी फटक पडत होती, ती मान वळवल्यावर आटोक्यात आली. आठनंतर ऊन कडक झालं, तेव्हा आवरलं.

घरी संगणकावर रंगांची ऊब, म्हणजे पिवळसर झाक, थोडी वाढवली, बाकी काही नाही. भुवईवरची खूण तशीच ठेवली. निवडलेला फोटो तो मान तिरकी असलेलाच.

छापखान्यात मुलाने विचारलं, "मॅडम, चेहरा जरा ब्राइट करू का?" मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "नको, राहू दे." मात्र पत्रिकेचा कागद बिनचकाकीचा होता, आणि अशा कागदावर शाई शोषली जाऊन सगळंच थोडं गडद उतरतं. म्हणून आधी एक नमुना छापून घेतला, आणि मग चेहऱ्याला वेगळं न काढता अख्खा फोटोच किंचित उजळवला.